यंत्र तेच, काम नवं : ॲलन ट्युरिंग



आज एक चरित्र सांगायचं आहे, पण सुरुवात शाळेच्या संगणक कक्षापासून करू या. तुमच्याकडेही असतीलच असे संगणक : दहा-बारा वर्षांपूर्वीचे, दोन जीबी मेमरीचे, लिनक्स टाकलेले. मुलांनी दोन-तीन खिडक्या उघडल्या की हार्ड डिस्क घरघरायला लागते आणि माऊस जागचा हलत नाही. मग कुणी जाणकार येतो, टर्मिनल उघडतो, एक ओळ टाइप करतो, स्वॅपीनेस नावाचा एक आकडा ६० वरून १० वर आणतो आणि चहा पिऊन निघून जातो. संगणक बंद केलेला नाही, आत काही नवं बसवलेलं नाही. तरी बऱ्याचदा तो जरा शहाण्यासारखा वागायला लागतो.

त्या माणसाने काय केलं? ऑपरेटिंग सिस्टीमचा जो गाभा असतो, त्याला कर्नल म्हणतात. मेमरी कुणाला किती द्यायची, प्रोसेसर आधी कुणाच्या वाट्याला, मेमरीतला मजकूर डिस्कवर कधी हलवायचा, हे सगळे निर्णय कर्नल घेतो. असा एखादा निर्णय बदलायचा तर एक जुना मार्ग म्हणजे कर्नलच्या मूळ संहितेत दुरुस्ती करायची, सगळा कर्नल नव्याने बांधायचा (संगणकवाले याला कंपाइल करणं म्हणतात) आणि संगणक पुन्हा सुरू करायचा. जुन्या यंत्रावर यात तासन् तास जात. आता लिनक्समध्ये असे शेकडो आकडे चालू कर्नलमध्ये, जागच्या जागी बदलता येतात. त्यासाठी सिस्-सीटीएल नावाची एक साधी आज्ञा आहे. नवं वाय-फाय कार्ड लावलं तर ते चालवणारा तुकडासुद्धा चालत्या कर्नलला जोडता येतो, नको झाला की काढता येतो. घर न पाडता आतली मांडामांड बदलावी तसं.

मुलं विचारतात, हे कसं शक्य आहे? मिक्सरचं बटण फिरवून त्याचा पंखा होत नाही, मग संगणकाचं वागणं नुसता आकडा लिहून कसं बदलतं? प्रश्न अगदी बरोबर आहे. त्याचं उत्तर १९३६ साली एका २३ वर्षांच्या तरुणाने दिलं, जेव्हा आज आपण म्हणतो तसा संगणक जगात एकही नव्हता. त्या तरुणाचं नाव ॲलन मॅथिसन ट्युरिंग.

ट्युरिंगचा जन्म २३ जून १९१२ चा, लंडनमधला. पण त्याच्या घराची मुळं बरीचशी आपल्याकडे होती. वडील ज्युलियस हे इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये, तेव्हाच्या मद्रास इलाख्यात नोकरीला. आज ओडिशात असलेल्या छत्रपूरला त्यांची नेमणूक होती. आई इथेल सारा स्टोनी यांचा जन्मच कोइमतूरजवळच्या पोदनूरचा, कारण त्यांचे वडील मद्रास रेल्वेत मुख्य अभियंता होते. ॲलन मात्र भारतात वाढला नाही. आई-वडील नोकरीच्या गावी परतले आणि ॲलन व त्याचा थोरला भाऊ जॉन यांना इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याच्या घरी ठेवण्यात आलं. त्या काळच्या साहेब मंडळींमध्ये ही सर्रास रीत होती. आपल्याकडे आजही आई-बाबा दूर नोकरीला आणि मूल आजोळी अशी घरं असतात. पण आजोळ ते आजोळ. इथे मूल परक्या घरात होतं.

१९२६ मध्ये तो शेरबर्न या निवासी शाळेत दाखल होणार होता. बोटीने साउदॅम्प्टनला उतरला तर सार्वत्रिक संप, आगगाड्या बंद. वय १३. गड्याने सायकल काढली आणि एकट्याने सुमारे १०० किलोमीटर अंतर कापून, मध्ये एका खाणावळीत रात्र काढून शाळा गाठली. ही गोष्ट मुलांना फार आवडते, वर्गात जरूर सांगा.

शाळेत मात्र त्याचं फारसं जमलं नाही. अक्षर इतकं गिचमिड की शिक्षक वैतागत. इंग्रजी आणि लॅटिनकडे दुर्लक्ष. गणितातही पुस्तकातली रीत सोडून स्वतःची रीत काढायचा, आणि पायऱ्या न लिहिता उत्तर मांडून मोकळा. मुख्याध्यापकांनी घरी कळवलं की मुलाला नुसतं विज्ञानच करायचं असेल तर या शाळेत त्याचा वेळ फुकट जातोय. तुम्ही-आम्ही प्रगतिपुस्तकात शेरे लिहितो ना, तेव्हा हा शेरा मला हमखास आठवतो. त्यात मुख्याध्यापक वाईट होते असंही नाही. त्या शाळेला एका ठरावीक साच्याचा मुलगा घडवायचा होता आणि हा त्या साच्यात बसत नव्हता, एवढंच.

शाळेत त्याला एकच खरा मित्र मिळाला, ख्रिस्तोफर मॉरकॉम. एक वर्ष पुढे, विज्ञानात हुशार आणि कामात नीटनेटका. दोघं तारे, रसायनं, समीकरणं यांवर तासन् तास बोलत. फेब्रुवारी १९३० मध्ये ख्रिस्तोफर क्षयाच्या गुंतागुंतीने गेला. लहानपणी दूषित दुधातून लागलेला तो रोग होता. ॲलनला हा धक्का फार मोठा होता. तो ख्रिस्तोफरच्या आईला पुढे कितीतरी वर्षं पत्रं लिहीत राहिला. माणसाचं मन म्हणजे नेमकं काय, ते शरीर नावाच्या यंत्रात कसं नांदतं, हा प्रश्न त्याला याच काळात लागला आणि शेवटपर्यंत सुटला नाही.

१९३१ मध्ये तो केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात गेला आणि तिथे त्याला मोकळा श्वास घेता आला. २२ व्या वर्षी तो कॉलेजचा फेलो झाला. १९३५ मध्ये मॅक्स न्यूमन या प्राध्यापकांच्या व्याख्यानांत त्याने जर्मन गणिती हिल्बर्ट यांचा एक प्रश्न ऐकला. सोप्या भाषेत असा : गणितातलं कुठलंही विधान दिलं, तर ते सिद्ध करता येतं की नाही हे सांगणारी एकच ठरावीक, यांत्रिक रीत असू शकेल का? ट्युरिंग पळायला जायचा. पळून दमला की ग्रँटचेस्टरच्या कुरणात पडून राहायचा. तिथेच त्याला सुचलं की आधी यांत्रिक रीत म्हणजे काय हेच ठरवायला हवं.

त्याने काय केलं ते वर्गात करून बघण्यासारखं आहे. चौकटीच्या वहीची एक लांब पट्टी कापा. सलग तीन चौकटींत १ लिहा, पुढच्या रिकाम्या. एका मुलाचं बोट डावीकडच्या पहिल्या १ वर ठेवा आणि त्याला ही चिठ्ठी द्या : १ दिसला तर तसाच ठेव आणि एक घर उजवीकडे सरक, रिकामी चौकट दिसली तर तिथे १ लिही आणि थांब. तीनाचे चार झाले. म्हणजे हा मुलगा एक मिळवणारं यंत्र झाला. आता पट्टी तीच, मुलगा तोच, फक्त चिठ्ठी बदला : १ दिसला तर पुसून टाक आणि उजवीकडे सरक, रिकामी चौकट दिसली तर थांब. आता तोच मुलगा पाटी कोरी करणारं यंत्र झाला. थोडी मोठी मुलं असतील तर दोन चिठ्ठ्या द्या, क आणि ख. प्रत्येक १ ला क वरून ख वर आणि ख वरून क वर उडी मारायची. शेवटी हातात क असेल तर संख्या सम, ख असेल तर विषम. मुलांना हा खेळ वाटतो, पण आपण त्यांच्याकडून ट्युरिंग यंत्रच चालवून घेतलेलं असतं.

इथवर प्रत्येक कामाला वेगळी चिठ्ठी, म्हणजे वेगळं यंत्र. ट्युरिंगची खरी झेप पुढची. तो म्हणाला, चिठ्ठी म्हणजे तरी काय, काही खुणाच ना? मग त्या खुणासुद्धा पट्टीवरच लिहू. आणि एकच यंत्र असं बनवू की ते आधी पट्टीवरची चिठ्ठी वाचेल आणि त्यात जसं लिहिलंय तसं वागेल. मग बेरजेचं यंत्र वेगळं आणि सम-विषमचं वेगळं बनवायची गरजच उरत नाही. एक यंत्र एकदाच बांधायचं, पुढे जे काय बदलायचं ते पट्टीवर लिहून. याला वैश्विक यंत्र म्हणतात.

(हिल्बर्टच्या प्रश्नाचं उत्तर नाही असं आलं. अशी सर्वसमावेशक रीत असूच शकत नाही, हे त्याने याच यंत्राच्या आधारे दाखवलं. अमेरिकेतल्या अलोन्झो चर्च यांनीही त्याच सुमारास वेगळ्या वाटेने हेच सिद्ध केलं होतं. मग ट्युरिंग १९३६ ते १९३८ प्रिन्स्टनला जाऊन चर्च यांच्याच हाताखाली डॉक्टरेट करून आला. गणितवाल्यांसाठी ही मोठी गोष्ट, पण आपल्या विषयापुरती इथेच सोडू.)

आता सुरुवातीच्या मुलाच्या प्रश्नाकडे वळा. मिक्सरचं काम त्याच्या पात्यात आणि मोटारीत बांधलेलं असतं. संगणकाचं काम पट्टीवर, म्हणजे आजच्या भाषेत मेमरीत, लिहिलेलं असतं. जे बांधलेलं आहे ते बदलायला तोडफोड लागते, जे लिहिलेलं आहे ते खोडून नवं लिहिता येतं. स्वॅपीनेसचा ६० हा मेमरीत लिहिलेला एक आकडा आहे. कर्नल निर्णय घ्यायच्या वेळी तिथे डोकावतो, आणि ६० च्या जागी १० दिसला की त्याप्रमाणे वागतो.

१९३९ मध्ये युद्ध सुरू झालं आणि दुसऱ्याच दिवशी, ४ सप्टेंबरला, ट्युरिंग ब्लेचली पार्क या गुप्त केंद्रात रुजू झाला. काम होतं जर्मनांच्या एनिग्मा यंत्राचे संदेश फोडणं. त्याची बहुतेक चरित्रं इथे शत्रूच्या पाणबुड्या, चर्चिल अशी रंगत जातात. आपण एनिग्मा आपल्या विषयाच्या नजरेने बघू, कारण ते यंत्र म्हणजे न मोडता बदलण्याचा उत्तम नमुना होता. हजारो यंत्रं सारखीच, बांधणी ठरलेली. पण रोज मध्यरात्री मांडणी बदलायची : कुठली तीन चक्रं घ्यायची, कुठल्या क्रमाने, कुठल्या अक्षरावर ठेवायची, समोरच्या फळीवर कुठल्या अक्षराची तार कुठल्या अक्षराला. पाचांतली तीन चक्रं आणि दहा तारा धरल्या तर या मांडण्यांची संख्या होते जवळपास १५९ वर १८ शून्यं. यंत्र शत्रूच्या हाती पडलं तरी त्या दिवशीची मांडणी माहीत नसेल तर ते निरुपयोगी.

ती मांडणी शोधण्याचा पाया पोलंडच्या मारियान रेयेव्स्की आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी आधीच घातला होता, आणि युद्धाच्या तोंडावर त्यांनी आपलं सगळं ज्ञान ब्रिटिशांच्या स्वाधीन केलं. हे श्रेय मुलांना सांगताना आपण नेहमी विसरतो. ट्युरिंगने त्यापुढे जाऊन बॉम्ब नावाचं, कपाटाएवढं यंत्र रचलं. गॉर्डन वेल्चमन यांनी त्यात मोलाची सुधारणा केली. संदेशात अमुक शब्द असणारच, असा अंदाज धरून हे यंत्र अशक्य मांडण्या भराभर बाद करत जायचं. १९४० पासून ही यंत्रं धडधडू लागली. ती चालवायच्या नौदलातल्या मुली, आठ-आठ तास उभं राहून, दर वेळी मागच्या तारा नव्याने जोडत.

आणि १९४२ च्या फेब्रुवारीत घात झाला. अटलांटिकमधल्या जर्मन पाणबुड्यांच्या एनिग्मात चौथं चक्र बसवलं गेलं. आता नुसती मांडणी बदललेली नव्हती, यंत्रच बदललं होतं. तीन चक्रांसाठी बांधलेले बॉम्ब अपुरे पडले. जवळजवळ दहा महिने पाणबुड्यांचे संदेश वाचता येईनात, आणि त्या काळात जहाजांमागून जहाजं बुडाली. वर्षाच्या शेवटी, एका बुडत्या पाणबुडीतून दोन खलाशांनी जीव देऊन मिळवलेल्या कागदांमुळे पुन्हा वाट सापडली. चार चक्रांचे नवे, वेगवान बॉम्ब यायला १९४३ उजाडलं. एकाच कामासाठी बांधलेल्या यंत्राची ही किंमत.

याच काळातली त्याच्या सायकलची गोष्ट सांगतात. सायकलची चेन ठरावीक फेऱ्यांनंतर निसटायची. दुकानात नेऊन दुरुस्त करायची सोडून ट्युरिंगने फेऱ्या मोजायला सुरुवात केली, आणि निसटायच्या नेमकं आधी तो पायडल अशा बेताने मारायचा की चेन जागेवर राहायची. तुम्ही म्हणाल विक्षिप्त. होताच थोडासा. परागकणांचा त्रास म्हणून गॅस मास्क लावून सायकल चालवायचा आणि चहाचा मग चोरीला जाऊ नये म्हणून रेडिएटरला साखळीने बांधून ठेवायचा.

युद्ध संपलं. तिकडे अमेरिकेत फिलाडेल्फियाला एनियाक नावाचा महाकाय गणक तयार झाला होता, सुमारे १८,००० व्हॉल्व्हचा. गणित सेकंदात करायचा, पण एका गणितावरून दुसऱ्यावर जायचं तर तारा उपसून पुन्हा जोडायच्या, शेकडो बटणं फिरवायची. त्यात दिवस जायचे. हे काम सहा तरुण स्त्रिया करत. त्या घडणीतला हा दोष तिथल्या मंडळींनाही दिसत होता. एकर्ट, मॉचली आणि फॉन नॉयमन यांच्याकडून सूचना मेमरीतच साठवायची कल्पना १९४५ मध्ये पुढे आली. तेव्हा साठवलेल्या सूचनांवर चालणारा संगणक एकट्या ट्युरिंगचा, असं मुलांना सांगू नका. कागदावरचं वैश्विक यंत्र मात्र त्याचं, आणि ते नऊ वर्षं आधीचं.

ऑक्टोबर १९४५ मध्ये ट्युरिंग लंडनजवळच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत आला आणि काही महिन्यांतच त्याने एका पूर्ण इलेक्ट्रॉनिक संगणकाचा आराखडा सादर केला. नाव एसीई. खर्चाचा अंदाज ११,२०० पौंड. या आराखड्यात त्याचा स्वभाव पुरता दिसतो : यंत्र शक्य तितकं साधं ठेवा आणि अवघड कामं सूचनांनी करून घ्या. नवी अडचण आली की नवं यंत्र जोडायचं, या पद्धतीवर त्याचा राग होता. त्याच्या मते विचार करायचा आळस केला की माणूस यंत्रं वाढवत जातो. शिवाय छोट्या छोट्या सूचनामाला एकदाच लिहून ठेवायच्या आणि हवी तेव्हा हवी ती बोलवायची, काम झालं की मूळ जागी परत यायचं, हीसुद्धा सोय त्याने तेव्हाच मांडली होती. आपण वर्गात पाढे एकदा पाठ करून घेतो आणि मग गुणाकार, भागाकार, लसावि सगळीकडे तेच वापरतो, त्यातलाच प्रकार.

पण सरकारी काम! प्रयोगशाळेत ठरत नव्हतं की कोण बांधणार. ब्लेचलीत असे वेगवान व्हॉल्व्ह प्रत्यक्ष चालवून दाखवलेत, हे ट्युरिंगला माहीत होतं, पण गुप्ततेच्या शपथेमुळे सांगता येत नव्हतं. तो कंटाळला. चिडचिड पळण्यात काढायचा. १९४७ मध्ये त्याने मॅरेथॉन २ तास ४६ मिनिटांत पूर्ण केली, हौशी धावपटूला ही वेळ भारीच. १९४८ मध्ये तो मँचेस्टर विद्यापीठात गेला. त्याच वर्षी २१ जूनला तिथल्या विल्यम्स, किलबर्न आणि टूटिल यांच्या छोट्या यंत्राने मेमरीत साठवलेली सूचनामाला पहिल्यांदा चालवून दाखवली. एसीईची छोटी आवृत्ती १९५० मध्ये, ट्युरिंग सोडून गेल्यावर चालू झाली.

मँचेस्टरच्या संगणकासाठी सूचना कशा लिहायच्या याची पुस्तिका ट्युरिंगने लिहिली. खरं सांगायचं तर शिक्षक म्हणून तो इथे नापास. ३२ चिन्हांच्या पद्धतीत, तेही उलट्या क्रमाने आकडे वाचायला तो लोकांना लावायचा, कारण त्याला स्वतःला ते सहज जमायचं. बाकीचे घाम पुसत बसायचे. हुशार माणसाला समोरच्याची अडचण कळत नाही, हे आपण शिक्षकांनी आपापसात कबूल करायला हरकत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. कर्नल, ऑपरेटिंग सिस्टीम हे शब्द ट्युरिंगच्या हयातीत नव्हतेच. ती कामं पुढच्या पिढीची, आणि लिनक्स तर १९९१ चं. पण त्या सगळ्यांना पाया हाच मिळाला की सूचना आणि आकडे एकाच मेमरीत शेजारी-शेजारी राहतात. कर्नल बांधताना जो आकडा सूचनेतच पक्का केला जातो तो बदलायला पुन्हा बांधणी लागते. जो मेमरीत वेगळा ठेवला जातो तो चालू असताना बदलतो. नवा तुकडा चालत्या कर्नलला जोडता येतो, कारण तो तुकडाही शेवटी मेमरीत लिहिलेल्या खुणाच. अर्थात सगळंच बदलता येत नाही. बांधणाऱ्याने जिथे जागा सोडली आहे तिथेच हात घालता येतो. कुठल्या जातीच्या प्रोसेसरवर चालायचं, हे बांधतानाच ठरतं. आणि चुकीचा आकडा टाकला तर यंत्र मुकाट्याने चुकीचंच वागतं.

ट्युरिंग मात्र तोवर आणखी पुढच्या प्रश्नावर गेला होता. १९५० च्या एका लेखात त्याने विचारलं, यंत्र विचार करू शकेल का? त्यातला शेवटचा भाग शिक्षकांनी वाचावा असा आहे. मोठ्या माणसाचं मन यंत्रात उतरवण्याऐवजी लहान मुलाचं मन उतरवावं आणि मग त्याला शिकवावं, असं त्याने सुचवलं. लहान मुलाचं मन हे त्याला दुकानातून आणलेल्या नव्या वहीसारखं वाटत होतं : आत यंत्रणा थोडी, कोरी पानं पुष्कळ. नुसत्या बक्षीस-शिक्षेने शिकवणं पुरणार नाही, हेही त्याने लिहिलं. आणि शिकणाऱ्याच्या आत नेमकं काय चाललंय हे शिकवणाऱ्याला बहुतेक वेळा कळत नाही, हेही. कोरी पाटी वगैरे मला पटत नाही, पहिलीतलं मूलसुद्धा बरंच काही लिहिलेलं घेऊन येतं. पण शेवटचं वाक्य शंभर टक्के पटतं.

आता दुःखाचा भाग. हा टाळून चरित्र पूर्ण होत नाही आणि मोठ्या वर्गातल्या मुलांना तो सांगायला हवा.

जानेवारी १९५२ मध्ये ट्युरिंगच्या घरी चोरी झाली. त्याने स्वतः पोलिसांना कळवलं. चौकशीत त्याचे एका तरुणाशी संबंध होते हे उघड झालं, त्याने ते लपवलंही नाही. इंग्लंडात तेव्हा पुरुषांमधले समलैंगिक संबंध गुन्हा होता. ३१ मार्चला खटला झाला. तुरुंग किंवा वर्षभर संप्रेरकांचा उपचार, असे दोन मार्ग पुढे ठेवले गेले. त्याने दुसरा निवडला, म्हणजे काम चालू ठेवता येईल. वर्षभर त्याच्या शरीरात स्त्री-संप्रेरकं घातली गेली. चांगला धावपटू तो, त्याचं शरीर बदललं. सरकारी गुप्त कामाचा परवाना गेला. ज्या देशासाठी त्याने सहा वर्षं तोंड मिटून काम केलं, त्याच्या लेखी तो आता भरवशाचा नव्हता. माणसाच्या घडणीतच जे आहे ते मात्र अशा उपचारांनी बदलत नाही.

त्या वर्षांतही तो काम करत होता. बिबट्याच्या अंगावर ठिपके कसे उमटतात, पानं-पाकळ्या ठरावीक रचनेतच का येतात, याचं गणित मँचेस्टरच्या संगणकावर मांडत होता.

७ जून १९५४ ला तो गेला. दुसऱ्या दिवशी घरकाम करणाऱ्या बाईंना तो मृत आढळला. वय ४१. मृत्यू सायनाइडने झाला होता आणि चौकशीत आत्महत्या असा निर्णय झाला. घरातल्या रासायनिक प्रयोगांत झालेला तो अपघात होता, असं त्याच्या आईला शेवटपर्यंत वाटत राहिलं. शेजारी अर्धवट खाल्लेलं सफरचंद होतं. त्या सफरचंदावरून मोबाइल कंपनीच्या बोधचिन्हाची कथा फिरत असते, ती खरी नाही. कृपया वर्गात सांगू नका.

ब्लेचलीचं काम गुप्तच असल्याने तो गेला तेव्हा शेजाऱ्यांनाही माहीत नव्हतं की हा कोण होता. ती माहिती १९७० च्या दशकात बाहेर यायला लागली. २००९ मध्ये ब्रिटिश पंतप्रधानांनी जाहीर माफी मागितली, २०१३ मध्ये राणीच्या आदेशाने त्याला मरणोत्तर क्षमा मिळाली. क्षमा कशाची, हा प्रश्न मुलं विचारतात, आणि मला त्याचं उत्तर देता येत नाही. तसलाच कायदा इंग्रजांनी आपल्याकडेही आणला होता, दंडसंहितेचं ३७७ कलम. प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांपुरतं ते सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ ला रद्द केलं.

२३ जून २०२१ ला, त्याच्या जन्मदिवशी, इंग्लंडात ५० पौंडांची नवी नोट आली. तिच्यावर ट्युरिंगचा चेहरा आहे, १९३६ च्या निबंधातला सूचनांचा एक तक्ता आहे, आणि एक कागदी पट्टी आहे. पट्टीवर शून्य आणि एक अशा आकड्यांत त्याची जन्मतारीख लिहिलेली आहे. नोटेचं चित्र मोठं करून फळ्याजवळ लावा आणि चौकटीच्या वहीतली आपली पट्टी तिच्या शेजारी.

आणि हो, संगणक कक्षातला तो आकडा १० केलात तर तो सिस्-सीटीएलच्या फाइलमध्येही लिहून ठेवा. नाहीतर वीज गेली की सकाळी परत ६०.